दुसरें बाळ, कामाचे तास आणि प्रसूति-वेतन

घरांत दुसरें मूल हवें कीं नको, हा प्रश्न आपल्या आजी-पणजींच्या काळीं कोणी कोणास विचारीत नसे. आणि तें केव्हां व्हावें, हा तर प्रश्नच नव्हता. आतां सुशिक्षित कुटुंबांत पति-पत्नी हा विचार एकत्र बसून करतात, आणि तो करतांना वय, प्रकृति, घराची जागा, पाळणाघराचा खर्च, वडील माणसांची मदत या सर्वांची बेरीज-वजाबाकी होते. हें योग्यच आहे. परंतु या हिशेबांत एक रक्कम बहुधा धरावयाची राहून जाते, आणि ती राहिली हें कळतें तेव्हां वेळ निघून गेलेली असते. ती रक्कम म्हणजे दुसऱ्या बाळंतपणाच्या रजेंत मिळणारें वेतन. आणि तिचा संबंध पहिल्या मुलासाठीं कमी करून घेतलेल्या कामाच्या तासांशीं आहे. या संबंधाचाच आज विचार करावयाचा आहे.

हें कसें घडतें तें पाहूं. पहिलें मूल होतें. आई सव्वीस आठवड्यांची पगारी रजा घेते. रजा संपल्यावर ती पुन्हा कामावर रुजू होते, आणि दोन-चार महिन्यांतच तिच्या लक्षांत येतें कीं, सकाळीं आठला निघून रात्रीं आठला परतणें आणि घरीं तान्हें मूल ठेवणें या दोन गोष्टींचा मेळ बसत नाहीं. मग ती वरिष्ठांस भेटते. आठ तासांऐवजीं पांच तास काम, आणि त्या मानानें पगार, असें ठरतें. घरांत सर्वांस बरें वाटतें. पगार कमी झाला तरी मूल डोळ्यांसमोर असतें, आणि ही व्यवस्था थोड्या दिवसांचीच आहे अशी सर्वांची समजूत असते. दीड-दोन वर्षांनीं दुसऱ्या बाळाची गोष्ट निघते. त्या वेळीं तिच्या मनांत असलेलें वेतन म्हणजे पहिल्या बाळंतपणांत मिळालेलें वेतन. कायद्याच्या हिशेबांत येणारें वेतन मात्र निराळेंच असतें.

हा हक्क आला कोठून

गर्भिणीस समाजानें कांहीं सवलत द्यावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. नदीच्या उतारावर नावेचें भाडें कोणाकडून घेऊं नये हें सांगतांना मनुस्मृतीनें दोन महिन्यांहून अधिक दिवस गेलेल्या गर्भिणीचा उल्लेख केला आहे. सुश्रुतानें चौथ्या महिन्यापासून गर्भिणीला 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयांची, असें म्हटलें आहे. प्रसूतीनंतर सव्वा महिना बाळंतिणीनें कामास हात लावूं नये, हा तर घरोघरचा रिवाज होता. परंतु ही सवलत घरांतली होती. रोजगाराच्या कामांत ती नव्हती. गिरणींत जाणाऱ्या स्त्रीस सव्वा महिना घरीं बसणें म्हणजे सव्वा महिना मिळकतीवांचून काढणें होतें.

१९१९ सालीं वॉशिंग्टन येथें पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. तींत प्रसूतीपूर्वीं सहा व नंतर सहा आठवडे रजा असावी असा करार संमत झाला. हिंदी कामगारांचे प्रतिनिधि म्हणून ना. म. जोशी त्या परिषदेस हजर होते. परत आल्यावर त्यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत याविषयीं विधेयक आणलें, पण तें संमत झालें नाहीं. १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत तशाच विधेयकावर वादविवाद झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्याचा पुरस्कार केला. मातेस प्रसूतीच्या आधीं व नंतर विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे आणि म्हणून हा भार मुख्यतः सरकारनें उचलावयास हवा, हें त्यांनीं मान्य केलें. परंतु तेवढ्यासाठीं मालकांस अजिबात मोकळें सोडणें त्यांना पसंत नव्हतें. १९२९ सालीं मुंबईचा कायदा झाला. या देशांतील या विषयावरील तो पहिला कायदा होय.

त्या मूळ कायद्यांत कारखान्यांतील स्त्रीस रजेच्या दिवसांत रोज आठ आणे मिळावयाचे होते. रक्कम ठोक होती. स्त्री किती तास काम करते, शेवटच्या महिन्यांत तिनें काय मिळविलें, याचा तिच्याशीं संबंध नव्हता. पुढें १९६१ चा कायदा साऱ्या देशासाठीं झाला, आणि ठोक रकमेच्या जागीं सरासरी वेतनाचें तत्त्व आलें. हें तत्त्व अधिक न्याय्य आहे, यांत शंका नाहीं. आठ आण्यांवर कोणाचें घर चालणार? पण सरासरी म्हटली कीं, ती कोणत्या दिवसांची, हा प्रश्न उभा राहतो. आणि आमच्या विषयाचें सारें मर्म या एका प्रश्नांत आहे.

कायद्याचे शब्द

१९६१ च्या कायद्यानें बारा आठवड्यांची रजा दिली होती. २०१७ सालीं ती सव्वीस आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन त्याच्या जागीं सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही अंमलांत आली. नांव बदललें, तरी प्रसूति-लाभाची घडण बहुतेक तीच राहिली. कारखाने, खाणी, मळे आणि दहा किंवा अधिक माणसें कामास असलेलीं दुकानें व कचेऱ्या यांना ती लागू आहे. जिला दोन किंवा अधिक मुलें हयात आहेत तिला पुढच्या बाळंतपणास बारा आठवडे. इतर स्त्रियांस सव्वीस आठवडे, आणि त्यांपैकीं फार तर आठ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित दिवसापूर्वीं घेतां येतात. म्हणजे दुसऱ्या मुलाच्या वेळींहि रजा पहिल्याइतकीच मिळते. दुसऱ्या खेपेस रजा निम्मी होते, अशी समजूत पुष्कळ घरांत आढळते. ती खरी नाहीं. रजेची लांबी तीच राहते. बदलतें तें वेतन.

तें वेतन कसें काढावयाचें? स्त्री ज्या दिवसापासून प्रसूतीसाठीं गैरहजर राहते, त्या दिवसाच्या लगतपूर्वींचे तीन महिने घ्यावयाचे. त्या महिन्यांत तिनें ज्या दिवशीं काम केलें, त्या दिवसांच्या वेतनाची सरासरी काढावयाची. आणि त्या दरानें रजेच्या दिवसांचे पैसे द्यावयाचे. किमान वेतनाच्या खालीं हा दर जाऊं नये, एवढें संरक्षण आहे. पहिल्या बाळंतपणाच्या वेळीं तिचा पगार काय होता, हें कायदा विचारीत नाहीं. तिनें त्यापूर्वीं दहा वर्षें पूर्ण वेळ काम केलें होतें कीं नाहीं, हेंहि विचारीत नाहीं. तास कमी केले ते कशासाठीं, याची तर त्याला कल्पनाच नाहीं. तो फक्त शेवटचे तीन महिने पाहतो.

तीन महिन्यांचें त्रैराशिक

आमची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यांतील एका खाजगी कचेरींत हिशेबाचें काम करते. मुलगा दोन वर्षांचा आहे. त्याच्यासाठीं तिनें आठ तासांचे पांच तास करून घेतले आहेत. मध्यंतरीं ती पति व मुलासह भेटीस आली असतां बोलण्याच्या ओघांत दुसऱ्या बाळाचा विषय निघाला, आणि तिनें विचारलें, "गुरुजी, पहिल्या वेळीं मला पूर्ण पगार मिळाला होता. या वेळींहि तोच धरतील ना? कचेरींत विचारलें तर 'हो, मिळेल' म्हणाले." दिवसभर दुसऱ्यांचे जमाखर्च लिहिणाऱ्या मुलीनें आपल्या स्वतःच्या खात्यासाठीं एका तोंडीं शब्दावर भिस्त ठेवावी, याचें आम्हांस नवल वाटलें. आम्हीं तिला कागद-पेन्सिल घ्यावयास सांगितलें.

हिशेब सोपा व्हावा म्हणून आंकडे गोल घेतले. तासाला २०० रुपये दर धरला. आठ तासांचा रोज १,६०० रुपये. पांच तासांचा १,०००. सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस. शेवटचे तीन महिने पूर्ण वेळ काम केलें असेल, तर १८२ दिवसांचे २,९१,२०० रुपये होतात. तेच तीन महिने पांच तासांप्रमाणें गेले असतील, तर १,८२,००० होतात. फरक १,०९,२०० रुपयांचा.

रजेपूर्वीं शेवटचा एकच महिना ती पूर्ण वेळ कामावर आली तर? महिन्यांतील कामाचे दिवस सारखे धरले, तर सरासरी रोज १,२०० पडतो, आणि रजेचे २,१८,४०० होतात. दोन महिने आली, तर रोज १,४०० आणि एकूण २,५४,८००. पूर्ण तीन महिने आली, तरच पूर्वींचा आंकडा हातीं लागतो. येथपर्यंत मुलाला मांडीवर घेऊन बसलेले तिचे यजमान म्हणाले, "मग सोपें आहे, गुरुजी. रजेच्या आधीं तीन महिने तिनें पूर्ण वेळ काम करावें."

गणित म्हणून हें उत्तर बरोबर आहे. पण ते तीन महिने कोणते, हें पाहिलें पाहिजे. समजा, प्रसूतीच्या अपेक्षित दिवसापूर्वीं चार आठवडे तिनें रजा घेतली. तर त्याच्या लगतपूर्वींचे तीन महिने म्हणजे साधारणतः गरोदरपणाचा सहावा, सातवा आणि आठवा महिना. पाय सुजण्याचे, पाठ दुखण्याचे, झोप मोडण्याचे हेच दिवस. आणि घरांत दोन-अडीच वर्षांचें मूल कडेवर घ्या म्हणून हट्ट धरून बसलेलें! ज्या महिन्यांत कामाचे तास कमी असावे असें कोणीहि शहाणा माणूस म्हणेल, नेमक्या त्याच महिन्यांत ते वाढवावे, म्हणजे वेतन टिकेल, असा हा नियमाचा परिणाम आहे. तो कोणीं मुद्दाम योजिला असें आम्ही म्हणत नाहीं. हा नियम ज्या काळीं लिहिला गेला, त्या काळीं नोकरी म्हणजे पूर्ण वेळेची असें गृहीत होतें. मधल्या वर्षांत तास कमी करून पुन्हा वाढविणारी आई कायदा लिहिणारांच्या डोळ्यांसमोर नव्हती.

याच ठिकाणीं कायद्यांतील एका कलमाची ओळख करून देणें अवश्य आहे. अपेक्षित प्रसूतीपूर्वींचे सहा आठवडे आणि त्याच्याहि आधींचा एक महिना, या त्या महिन्यांत गर्भिणीनें मागणी केली तर तिला कष्टाचें किंवा फार वेळ उभें राहण्याचें काम देतां येत नाहीं. आणि अशा रीतीनें काम हलकें केलें म्हणून तिचें नेहमींचें वेतनहि कापतां येत नाहीं. म्हणजे कायद्यानें हलकें केलेलें काम आणि आपण होऊन कमी करून घेतलेले तास, या दोहोंत मोठा भेद आहे. पहिल्यानें सरासरी खालीं येत नाहीं, दुसऱ्यानें येते. शेवटच्या महिन्यांत थकवा आला म्हणून तास आणखी कमी करून मागण्यापूर्वीं हा भेद लक्षांत असावा.

तास कमी कीं दिवस कमी

आतां एक सूक्ष्म गोष्ट सांगतों. सरासरी काढावयाची ती 'काम केलेल्या दिवसांच्या' वेतनाची. तेव्हां रोजचे तास कमी करणें आणि आठवड्यांतील दिवस कमी करणें, या दोन गोष्टी घरच्या दृष्टीनें सारख्या वाटल्या तरी कायद्याच्या शब्दांप्रमाणें सारख्या नाहींत. आठवड्याचे सहा दिवस पांच तासांप्रमाणें ३० तास होतात. चार दिवस आठ तासांप्रमाणें ३२. आठवड्याची मिळकत जवळ जवळ तीच: एका रीतीनें ६,००० रुपये, दुसरीनें ६,४००. पण पहिल्या रीतींत काम केलेल्या दिवसाचें वेतन १,००० रुपये, आणि दुसरींत १,६००!

रजेचे पैसे मात्र सुटीचे वार वगळून मोजावयाचे नसतात. या मुद्द्यावर एक जुना निकाल आहे. कोइमतूरकडील एका मळ्यांत काम करणाऱ्या स्त्रीस तिच्या मालकानें बारा आठवड्यांचे ८४ दिवस न धरतां, बिनपगारी रविवार वजा करून ७२ दिवसांचेच पैसे दिले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७७ सालीं न्यायालयानें ठरविलें कीं, आठवडा म्हणजे रविवारासुद्धां सात दिवस. आमच्यासारख्या व्याकरण शिकविलेल्या माणसास या निकालानें मोठें समाधान होतें. 'सप्ताह' हा समाहार-द्विगु समास. सात दिवसांचा समुदाय हाच त्याचा अर्थ. त्यांतून एक दिवस काढला, तर सप्ताहच उरत नाहीं.

यावरून सर्वांनीं दिवसच कमी करावे, असें मात्र आम्ही सांगत नाहीं. महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्या स्त्रीच्या बाबतींत दिवसाचें वेतन काढण्याची प्रत्येक कचेरीची रीत निरनिराळी असते, आणि ती आधीं विचारून घ्यावी लागते. शिवाय दुसरी एक अट आहे. अपेक्षित प्रसूतीच्या पूर्वींच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे निदान ८० दिवस काम झालेलें असलें पाहिजे. आठवड्याला सहा दिवस काम करणारीचे ८० दिवस चौदा आठवड्यांत भरतात. चार दिवस काम करणारीस वीस आठवडे लागतात. पहिल्या रजेला जोडून लांब बिनपगारी रजा घेतली, किंवा नोकरी बदलली, आणि दुसरें मूल लौकर झालें, तर ही अट भरत नाहीं. आणि ती भरली नाहीं, तर सरासरीचा प्रश्नच उरत नाहीं.

नव्या संहितेंतील 'वेतन' या शब्दाचीहि व्याख्या पाहून ठेवावी. घरभाडें, येण्याजाण्याचा खर्च, जादा कामाचे पैसे अशा रकमा तींत धरलेल्या नाहींत. मात्र वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक होत असतील, तर निम्म्यावरची रक्कम पुन्हा वेतनांत मिळवावी लागते. तेव्हां महिनाअखेर हातांत पडणारी रक्कम म्हणजेच वेतन, असें धरून चालूं नये.

ज्या स्त्रियांचा पगार राज्य विम्याच्या मर्यादेंत येतो (२०१७ सालीं ही मर्यादा महिना २१,००० रुपये करण्यांत आली), त्यांना रजेचे पैसे मालकाकडून न मिळतां कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून मिळतात. तेथें एप्रिल ते सप्टेंबर व ऑक्टोबर ते मार्च अशा सहामाह्यांवर हिशेब चालतो, आणि मागील दोन सहामाह्यांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. मध्यवर्ती सरकारच्या नोकरींतील स्त्रियांची गोष्ट आणखी निराळी. त्यांस १८० दिवसांची प्रसूति-रजा रजेपूर्वींच्या पगारानें मिळते, आणि मुलांच्या संगोपनासाठीं साऱ्या नोकरींत मिळून ७३० दिवसांची स्वतंत्र रजा आहे. संगोपनाची रजा पूर्वीं घेतली म्हणून प्रसूतीची नाकारतां येत नाहीं, हें चंडीगड येथील एका परिचारिकेच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं स्पष्ट केलें आहे.

इतर देशांची रीत

ही अडचण आपल्याच देशांत आहे असें नाहीं. पुष्कळ मराठी कुटुंबांतील मुली व सुना आतां इंग्लंडांत नोकरी करतात. त्यांनाहि ती तितकीच लागू आहे. तेथें कायद्याचें प्रसूति-वेतन ३९ आठवडे मिळतें. पहिले सहा आठवडे सरासरी वेतनाच्या नव्वद टक्के. पुढचे तेहतीस आठवडे सरकारनें ठरविलेली ठोक रक्कम किंवा सरासरीचे नव्वद टक्के, यांत जी कमी ती. सरासरी काढावयाची ती प्रसूतीच्या अपेक्षित आठवड्यापूर्वींच्या पंधराव्या आठवड्याशीं संपणाऱ्या सुमारें आठ आठवड्यांच्या पगारावरून. हे आठ आठवडे गरोदरपणाच्या मध्यावर पडतात. म्हणजे तेथें मधल्या महिन्यांत कमी केलेले तास वेतन उतरवितात, शेवटच्या महिन्यांत कमी केलेले उतरवीत नाहींत. पहिल्या रजेवर असतांनाच दुसऱ्यांदां दिवस गेले, आणि ते आठ आठवडे ठोक रकमेच्या किंवा बिनपगारी रजेच्या काळांत आले, तर सरासरी अगदीं खालीं जाते. कधीं कधीं ती किमान मर्यादेपर्यंतहि पोंचत नाहीं, आणि मालकाकडील हें वेतनच बुडतें.

स्वीडनांत मात्र या प्रश्नाचा विचार फार पूर्वीं झाला. तेथें १९७४ पासून आई व बाप या दोघांसहि घेतां येणारी पालक-रजा आहे, आणि तिचे पैसे मिळकतीच्या प्रमाणांत मिळतात. पहिल्या मुलानंतर बहुसंख्य आया अर्धवेळ काम पत्करीत. त्यामुळें दुसऱ्या वेळीं त्यांची रक्कम घटे. १९८० सालीं तेथें असा नियम झाला कीं, दुसरें मूल पहिल्यानंतर २४ महिन्यांच्या आंत झालें, तर मधल्या काळांतील कमी मिळकत न धरतां पूर्वींचीच मिळकत धरावी. १९८६ सालीं ही मुदत ३० महिने करण्यांत आली. एवढ्या एका बदलानें तेथें दोन मुलांमधलें अंतर कमी झाल्याचें लोकसंख्या-शास्त्रज्ञांस आढळून आलें. वेतनाच्या एका कलमानें घरांतला पाळणा लौकर कीं उशिरा हालावा, हें बदलूं शकतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

परंतु यांतच एक सावधगिरीची सूचनाहि आहे. एका प्रसूतीनंतर पुन्हा गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वीं निदान २४ महिने जाऊं द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. चोवीस महिन्यांनीं दिवस गेले, तर दोन जन्मांत तेहतीस महिन्यांचें अंतर पडतें. मुदत याहून आंखूड ठेवली, तर नियम मातेला घाई करावयास लावील. म्हणून आपल्याकडे असा नियम करावयाचा झाला, तर ती मुदत निदान तीन वर्षांची असावी. तीन वर्षांच्या आंत दुसरें मूल झालें, तर पहिल्या रजेपूर्वींचें वेतन व शेवटच्या तीन महिन्यांचें वेतन, यांत जें अधिक असेल तें धरावें, एवढी दुरुस्ती पुरे आहे. अर्थात् तिचा सर्व बोजा मालकावर टाकला, तर तरुण विवाहित स्त्रीस कामावर घेतांनाच मालक कांकूं करील. १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत निघालेला मुद्दा, कीं हा भार मुख्यतः सरकारचा, अजून तसाच उभा आहे.

करावयाचें काय

कायदा बदलेपर्यंत घरांनीं काय करावें? पहिली गोष्ट ही कीं, तास कमी करण्याचा अर्ज आणि दुसऱ्या बाळाचा विचार या दोन निराळ्या गोष्टी समजूं नयेत. दुसरें मूल हवें असें मनांत असेल, तर अर्ज करतांनाच दोहोंचा हिशेब एकत्र मांडावा. दुसरी गोष्ट, कमी तासांची व्यवस्था मुदतीची असावी. मुदत न घातलेली सवलत कायमची नेमणूक होऊन बसते, आणि पुढें पूर्ण वेळ परत मागतांना मिनतवारी करावी लागते. तिसरी, काम घरीं बसून करतां येण्यासारखें असेल, तर तास कमी करण्याआधीं तो मार्ग विचारावा. रजेनंतर परस्परसंमतीनें घरून काम करण्याची तरतूद कायद्यांत २०१७ पासून आहे, आणि तींत वेतन उतरण्याचें कारण नसतें.

चौथी गोष्ट पुरुषांसाठीं आहे. तास कमी करावयाचे ते आईनेंच, असें कोणत्याहि कायद्यांत लिहिलेलें नाहीं. पहिलें मूल एक-सव्वा वर्षाचें झाल्यावर बापानें कांहीं महिने आपले तास कमी करून घेतले, तर त्याच्या मिळकतींत तेवढ्यापुरती घट होईल. पण पुढें प्रसूति-वेतनाचा हिशेब त्याच्या पगारावर होणार नाहीं, म्हणून ती घट दुसऱ्यांदां भोगावी लागणार नाहीं. आईनें कमी केलेला तास मात्र दोनदां मोजला जातो: एकदां आतां, आणि एकदां रजेंत. आमच्या विद्यार्थिनीच्या यजमानांनीं हें ऐकून कागद आपल्याकडे ओढला आणि स्वतःच्या पगाराचे आंकडे मांडावयास सुरुवात केली. त्यांचा पगार अधिक असल्यानें महिन्याची खोट मोठी दिसली. पण सहा महिन्यांची खोट व रजेंत वांचणारी रक्कम शेजारीं शेजारीं मांडल्यावर दोन्ही बाजूंत त्यांनीं समजला होता तेवढा फरक राहिला नाहीं. निर्णय त्यांचा त्यांनीं घ्यावयाचा आहे. प्रकृतीविषयीं डॉक्टरांचें मत प्रथम, आणि पैशाचा विचार त्यानंतर, एवढें आम्हीं दोघांस सांगितलें.

शेवटची गोष्ट लेखाची. तोंडीं आश्वासन देणारा माणूस सद्भावनेनें बोलत असतो, पण तो बदलून जातो, आणि पुढें येणारास कागदच दिसतो. प्रसूति-लाभाची माहिती नेमणुकीच्या वेळीं स्त्रीस लेखी देण्याचें बंधन मालकावर आहे. ती मिळाली नसल्यास मागून घ्यावी. तास कमी करण्याच्या अर्जांत पुढील दोन वाक्यें असावींत. "माझ्या कामाचे तास अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच कमी राहतील, व त्यानंतर मी पूर्ववत् पूर्ण वेळ व पूर्ण वेतनावर काम करीन." आणि, "या मुदतींत किंवा त्यानंतरच्या तीन महिन्यांत माझी प्रसूति-रजा सुरू झाल्यास रजेचें वेतन कोणत्या दरानें धरलें जाईल, हें लेखी कळवावें." कायद्यानें ठरविलेल्याहून अधिक देण्यास मालकाला कोणाची मनाई नाहीं, आणि चांगल्या कर्मचारी स्त्रीस गमावूं न इच्छिणारा मालक पूर्वींचा दर मान्यहि करील. उत्तर नकाराचें आलें, तरी तें दिवस जाण्यापूर्वीं हातीं आलेलें बरें. कारण तेव्हां तास, मुदत आणि बाळाची वेळ, या तिन्ही गोष्टी अजून पति-पत्नीच्या हातांत असतात.